घेरिया, गुरुवार दुपार

शनिवार, ७ फेब्रुवारी १७५६. मुंबई बंदर

आरमार नांगर उचलतंय, त्याआधीच लुटीची वाटणी ठरून गेली आहे. एक तोफही अजून डागलेली नाही. ज्या किल्ल्यावर जायचं तो चार दिवसांच्या वाटेवर आहे. तरी रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसनच्या बैठकीत कोणाला किती वाटा मिळणार याचे आकडे पक्के झाले आहेत. लष्करी अधिकाऱ्यांची कुरकुर एकाच गोष्टीवर होती. त्यांचा सेनापती, लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह, याला आरमारी रिवाजाप्रमाणे एका जहाजाच्या कप्तानाएवढाच वाटा मिळत होता. त्यांना तो दुय्यम अ‍ॅडमिरल पोकॉकच्या बरोबरीचा हवा होता. फरक मी माझ्या पदरचा भरतो, असं वॉटसन म्हणाला. क्लाइव्हने ते घेतलं नाही.

इंग्रज लेखक हा प्रसंग दोघांच्या दिलदारीचा दाखला म्हणून सांगतात. मला त्या वाटणीतली रिकामी जागा जास्त बोलकी वाटते. मोहीम पेशव्यांच्या करारावर उभी आहे, जमिनीवरून किल्ला वेढून बसलेली फौज पेशव्यांची आहे, आणि वाटणीत पेशव्यांचं नाव नाही.

करार झाला गेल्या वर्षी, मार्च १७५५ मध्ये. मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए आणि पेशव्यांचे कोकणातले सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी दक्षिण कोकणातल्या आरमाराचे धनी तुळाजी आंग्रे यांना दोन्ही बाजूंनी चेपायचं ठरवलं. लगेच एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर विल्यम जेम्सने ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून भडिमार करून आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. मराठ्यांची गलबतं मागे राहिली आणि काम इंग्रजांनीच उरकलं, हे त्या वेळीच दिसलं होतं. पुढे जेम्सच्या विधवेने त्या विजयाचं स्मारक म्हणून लंडनजवळच्या शूटर्स हिलवर मनोरा बांधला. तो आजही उभा आहे, आणि त्याचं नाव सेव्हर्नड्रूग.

बुधवार, ११ फेब्रुवारी. घेरियासमोर

आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात समुद्राचा विषय सहसा निघत नाही. कऱ्हा नीरेला मिळते, नीरा नरसिंहपुराला भीमेला मिळते आणि सगळं पाणी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जातं. आमचे रस्तेही पुणे-सोलापूर असेच धावतात. तरी या किल्ल्याशी आमचं एक नातं आहे, आणि ते पैशाचं आहे. बारामतीचे सावकार बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांच्या नात्यातले. त्यांचे भाऊ आबाजी नाईक यांना थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. बाजीराव त्यांचे कर्जदार होते. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा बाबूजींनी कर्जाचा तगादा तर लावलाच, वर रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर पेशवेपदालाही हात घातला. शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रं बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना दिली. पण पद हाती येण्याआधीच देणी दाराशी उभी होती, हे नानासाहेब विसरले नसावेत. मोहिमेमागून मोहीम, कर्जामागून कर्ज, असा तो कारभार. आणि समोर घेरियात, म्हणजे विजयदुर्गात, आंग्र्यांचा खजिना आहे अशी किनाऱ्यावर सगळ्यांची समजूत.

कारण एवढंच नव्हतं, हेही सांगायला हवं. तुळाजी हा सोपा माणूस नव्हता. त्यांचे वडील कान्होजी १७२९ मध्ये वारले. मुलांमध्ये दौलत फुटली. मानाजी कुलाब्याला, संभाजी आणि मग तुळाजी दक्षिणेकडे, अशी विभागणी झाली. मानाजींनी पेशव्यांशी जमवून घेतलं. तुळाजींनी जमवलं नाही. १७४५ मध्ये त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल जिंकून घेतलं, पराक्रम दाखवला, पण शाहूंच्या मृत्यूनंतर पेशव्यांचा हुकूम मानण्याचं कारण त्यांना दिसेना. समुद्रावर त्यांचा नियम वडिलांचाच होता: आंग्र्यांचं दस्तक घ्या, नाहीतर जहाज जप्त. इंग्रजही आपल्या परवान्यांनी हेच करत. १७४९ मध्ये तुळाजींनी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पकडलं. १७५४ मध्ये तीन डच जहाजं गाठली, त्यांतली दोन जाळली आणि एक ओढून नेलं. मुंबईच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे चाचा म्हणूनच नोंद होती.

आता बुधवारी वॉटसनची ‘केंट’, पोकॉकची ‘कम्बरलँड’, त्यांच्या मागे ‘टायगर’ आणि ‘सॉल्सबरी’ अशी इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली पन्नास ते सत्तर तोफांची जहाजं घेरियासमोर येऊन पोचली आहेत. सोबत ‘ब्रिजवॉटर’ आणि ‘किंगफिशर’ ही लहान जहाजं, कंपनीची ‘प्रोटेक्टर’ आणि इतर, शिवाय उखळी तोफा बसवलेल्या खास बोटी. जहाजांच्या पोटात सुमारे ८०० गोरे सैनिक आणि त्यांच्या जोडीला हिंदी शिपाई. इतकी ताकद आंग्र्यांसमोर कधीच आली नव्हती. आणि ती इथे असण्यामागे योगायोग होता. क्लाइव्ह मुंबईत आला होता तो दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध लढायला. फ्रेंचांशी तात्पुरता तह झाला, बेत बारगळला, आणि क्लाइव्ह आणि वॉटसन दोघेही मुंबईत हात चोळत बसले. रिकामं आरमार हाताशी असताना बूर्शिएने ते घेरियाकडे वळवलं.

आगीला अजून एक दिवस आहे.

बुधवार, संध्याकाळ

तुळाजी किल्ल्यात नाहीत. जमिनीच्या बाजूने रामाजीपंतांची फौज येऊन बसली आहे, आणि तुळाजी स्वतः त्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले आहेत. मागे किल्ला एका नातलगाच्या ताब्यात आहे. इंग्रजी नोंदींत तो कुठे भाऊ आहे, कुठे मेहुणा. त्याच्याबरोबर आत तुळाजींची आई, बायका आणि मुलं.

तुळाजींचा हिशेब उघड आहे. किल्ला जायचाच असेल तर तो पेशव्यांच्या हाती जावा. पेशवे दंड घेतील, मुलूख कापतील, पण मराठी राज्याचा किल्ला मराठी राज्यातच राहील. रामाजीपंतांनाही हेच हवं आहे. वॉटसनच्या कानावर ही बोलणी गेली आहेत आणि त्यामुळेच त्याला घाई आहे. उद्या होणारी लढाई वरवर किल्ला आणि आरमार यांच्यातली. खरी चढाओढ किल्ल्याच्या दरवाजात आधी कोण पोचतं याची, आणि ती दोन दोस्तांमध्ये आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळ

वॉटसन किल्ल्यावर निरोप पाठवतो: किल्ला आमच्या हवाली करा. उत्तर नकाराचं येतं.

किल्ल्यातल्या माणसांना हा नकार वेडेपणाचा वाटत नसणार. घेरियाला तीन बाजूंनी पाणी, तिहेरी तट, आणि मागे चाळीस वर्षांचा अनुभव. १७१७ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनची माणसं इथेच येऊन हात हलवत परत गेली. १७२० मध्ये इंग्रजांनी तोफा लादलेला एक तरंगता तराफाच बांधून आणला, तोही फुकट गेला. १७२१ च्या अखेरीस कमोडोर मॅथ्यूज, जो मुळात मादागास्करच्या चाच्यांना संपवायला पाठवला होता, त्याने पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर हल्ला केला आणि मार खाल्ला. १७२४ मध्ये डचही विजयदुर्गावर येऊन गेले. त्याच काळात अटलांटिकमध्ये चाच्यांचा निकाल लागत होता. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स तोफेच्या छऱ्यांनी मारला गेला आणि १७२२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप कोस्ट कॅसलला त्याच्या ५२ माणसांना फाशी दिली. रॉबर्ट्सला किल्ला नव्हता, मुलूख नव्हता, जकात वसूल करणारे कारकून नव्हते. आंग्र्यांना हे सगळं होतं. म्हणून त्यांना फासावर चढवायला नुसता कप्तान पुरणार नव्हता, अ‍ॅडमिरल आणि कर्नल दोघे लागणार होते.

एक गोष्ट मात्र किल्ल्याला कळलेली नाही. दोन महिन्यांपूर्वी जेम्स येऊन खाडीचं पाणी मोजून गेला आहे. त्याने मुंबईला कळवलं की किल्ल्याचा जेवढा गाजावाजा आहे तेवढा तो नाही, आणि मोठी जहाजं तटाच्या अगदी जवळ नेता येतील एवढं पाणी आहे.

आगीला सहा-सात तास.

गुरुवार, दीडच्या सुमारास

फेब्रुवारीत कोकणात रात्री जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. आंग्र्यांचं सगळं युद्धतंत्र या वाऱ्यांवर आणि वल्ह्यांवर उभं होतं. वारा पडला की गलबतांनी वल्ही मारत गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढत न्यायचं, शत्रूच्या मागच्या बाजूला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे जाऊन भिडायचं. उघड्या समुद्रात सुस्त पडलेलं मोठं जहाज अशा वेळी सापडलं की सुटत नसे. पण ती गुराबं आज खाडीत, किल्ल्याच्या कुशीत, दोरांनी एकमेकांना बांधून ठेवली आहेत. तुळाजी जागेवर नाहीत. आरमार समुद्रात काढायचा हुकूम द्यायला कोणी नाही.

हा माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा. आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला आणून बसवलं आणि त्या क्षणी ते आरमार राहिलं नाही, गोदामातला माल झालं.

खारा वारा सुटतो. ‘ब्रिजवॉटर’ पुढे, मागे दोन रांगा. एक रांग किल्ल्यासाठी, दुसरी गुराबं आणि गोदीसाठी. जहाजं शिस्तीत खाडीच्या तोंडातून आत शिरतात. किल्ल्यावरून तोफा सुरू होतात. जहाजं गोळे झेलत, उत्तर न देता, ठरलेल्या जागी जाऊन नांगर टाकतात.

गुरुवार, दोनच्या सुमारास

सगळ्या जहाजांच्या एका बाजूच्या तोफा किल्ल्याच्या उत्तर अंगावर एकदम सुटतात. अंतर इतकं कमी की नेम चुकायला जागा नाही. उखळी तोफांच्या बोटींतून कुलपी गोळे उंच उडून तटाच्या आत पडतात.

किल्ला गप्प बसत नाही. ‘केंट’वरचा सर्जन एडवर्ड आइव्ज हे सगळं पाहत होता आणि त्याने ते नंतर लिहून ठेवलं. तटावर तोफा भरपूर होत्या, पण त्यांच्यापाशी उभं राहणं माणसांना अशक्य होत गेलं. दगडी तटाचं फारसं बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते तोफेमागच्या माणसाचं. दिवसभरात इंग्रजांकडची मेलेली आणि जखमी माणसं मिळून विसाच्या आसपास, एवढीच. किल्ल्यातली कोणी मोजली नाहीत.

गुरुवार, चार वाजून गेल्यावर

एक कुलपी गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडतो.

हे तेच जहाज, सात वर्षांपूर्वी कंपनीकडून हिसकावलेलं. आता ते तुळाजींच्या आरमारात, गुराबांच्या गर्दीत उभं आहे. ते पेट घेतं. खारा वारा अजून चालूच आहे आणि जहाजं एकमेकांना बांधलेली आहेत. डांबर, तागाचे दोर, वाळलेलं सागवान. आग एका डोलकाठीवरून दुसऱ्या डोलकाठीवर जाते. दोर तोडून जहाजं सोडवायला कोणी धावलं असेल तर त्याची नोंद नाही, आणि इंग्रजांच्या तोफा तिकडेच रोखलेल्या असताना ते जमण्यासारखंही नव्हतं. थोड्याच वेळात गुराबं, गलबतं, लहान तारवं सगळी पेटलेली. मग आग किनाऱ्यावरच्या कोठारांकडे आणि बांधणीला घेतलेल्या नव्या जहाजांपर्यंत जाते. त्यांतलं एक मोठं होतं, ते पाण्यात उतरलंच नाही.

शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं, कान्होजींनी वाढवलेलं, पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि सिद्दी यांनी साठ वर्षं धसका घेतलेलं जे काही होतं, त्याचा मोठा भाग या एका संध्याकाळी जळाला. सगळा नव्हे. कुलाब्याला मानाजींकडे, आणि पेशव्यांकडेही जहाजं होती. पण दक्षिण कोकणातली लढाऊ ताकद इथेच होती.

जमिनीवर रामाजीपंतांची छावणी हे पाहते आहे. धूर तिथूनही दिसत असणार. तुळाजी त्याच छावणीत आहेत.

इथे थोडं थांबायला हवं. नानासाहेबांवर ‘स्वतःच्या हाताने मराठी आरमार बुडवलं’ हा आरोप नेहमी होतो. आरोप खरा आहे, पण अपुरा. पेशव्यांचं भट घराणं श्रीवर्धनचं, म्हणजे बंदरावरचं. १७१३ मध्ये कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवायची कामगिरी बाळाजी विश्वनाथांकडे आली आणि त्याच कामगिरीसाठी पेशवेपद त्यांच्या घरात आलं. नातवाला आरमाराची किंमत कळत नव्हती असं म्हणणं सोपं आहे. माझा अंदाज वेगळा आहे. त्यांना किंमत कळत होती, म्हणून तर विजयदुर्ग हवा होता. त्यांना भरलेला किल्ला, उभी जहाजं आणि नमलेला तुळाजी हे सगळं अखंड हवं होतं. ते मिळवण्यासाठी त्यांनी ज्याला बोलावलं त्याला मात्र यातलं काहीच अखंड ठेवायची गरज नव्हती. सुवर्णदुर्गाच्या वेळी हे दिसून चुकलं होतं. तरी दुसऱ्यांदा बोलावलं. ही चूक घाटावरून समुद्र पाहिल्यामुळे झाली असं म्हणता येत नाही. ती घाईची आणि कर्जबाजारी कारभाराची चूक आहे.

गुरुवार, साडेसहाच्या सुमारास

किल्ल्याच्या तोफा थंडावतात. आतली घरं पेटलेली आहेत. शरण मात्र अजून कोणी आलेलं नाही.

गुरुवार, रात्री नऊच्या सुमारास

क्लाइव्ह माणसं घेऊन जमिनीवर उतरतो. तो किल्ल्यावर चढाई करत नाही, किल्ला आणि रामाजीपंतांची छावणी यांच्या मधली जागा धरतो. उरलेली रात्र उखळी तोफा गोळे टाकत राहतात. खाडी रात्रभर जळत असते.

त्या रात्री क्लाइव्हच्या तोंडासमोर शत्रूचा किल्ला आहे आणि पाठीमागे दोस्ताची फौज. त्याची माणसं अडवायला उतरली आहेत ती पाठीमागच्यांना.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. सकाळ

वॉटसनचा दुसरा निरोप: आता नाही दिलात तर तोफा पुन्हा सुरू. किल्लेदार वेळ मागतो. तुळाजींची परवानगी आणवतो, म्हणतो. परवानगी देणारा माणूस पेशव्यांच्या ताब्यात आहे, आणि पेशव्यांचा सुभेदार हीच मुदत लांबावी म्हणून वाट पाहतो आहे, हे वॉटसनला ठाऊक आहे.

शुक्रवार, दुपार कलल्यावर

तोफा पुन्हा सुरू होतात. फार वेळ लागत नाही. पांढरं निशाण चढतं. शब्द पक्का मिळेपर्यंत आणखी थोडा मारा होतो, मग किल्ला शरण येतो. संध्याकाळी कॅप्टन फोर्ब्स साठ माणसं घेऊन दरवाजात शिरतो.

मराठे त्याच वेळी आत यायला बघतात. इंग्रजी नोंदी सांगतात की फोर्ब्सने तलवार उपसून त्यांच्या अधिकाऱ्याला बजावलं की पुढे पाऊल टाकलंस तर डोकं उडवीन. पहाऱ्यावरच्या कॅप्टन ब्यूकॅननला मराठ्यांनी वाट द्यावी म्हणून रक्कम देऊ केली आणि त्याने ती नाकारली, असंही आइव्ज लिहितो. या गोष्टी एकाच बाजूने सांगितलेल्या आहेत, थोड्या जपूनच घ्याव्यात. पण मुख्य मुद्दा त्यांत लपत नाही: दोस्ताला दरवाजातून आत घेतलं गेलं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सकाळी क्लाइव्ह सगळी फौज घेऊन आत जातो. सापडलं ते असं: सुमारे २५० तोफा, सहा पितळी उखळी तोफा, दारूगोळ्याची कोठारं, चांदीचे रुपये सुमारे एक लाख पौंडांचे आणि वर तीस हजारांच्या मौल्यवान वस्तू. रुपयांत दहा लाखांच्या वर. कोठड्यांतून काही इंग्रज आणि डच कैदीही निघाले. लूट मुंबईत ठरलेल्या हिशेबाने वाटली गेली. पुण्याला त्यातला एक रुपया गेला नाही.

तुळाजींच्या आई, बायका आणि मुलांना वॉटसन भेटायला गेला. आमचं आता कोणी उरलं नाही, असं आईने म्हटल्यावर मी तुमचा आधार, असं तो बोलला. सहा वर्षांच्या मुलाने रडत त्याचा हात धरला आणि आता तूच माझा बाप, असं म्हणाला. आइव्जने हे फार हळव्या शब्दांत लिहिलंय. त्याच्या साहेबाला शोभेल असंच लिहिलंय.

खटला कोणावरच चालला नाही. ज्यांना चाचे म्हणून मारायला इंग्रज निघाले होते, त्यांच्यापैकी कोणासाठीही केप कोस्टसारखे फास बांधायची गरज पडली नाही. हाती खजिना होता.

पुढचे महिने

तुळाजी रामाजीपंतांच्याच ताब्यात राहिले आणि उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत, किल्ल्याकिल्ल्यांतून काढलं. शेवटी त्यांना सोलापूरच्या किल्ल्यात ठेवल्याचं ग्रँट डफ सांगतो. तसं असेल तर पुण्याकडून सोलापूरला जाणारी वाट इंदापुरावरूनच जाते, आणि मालोजीराजांच्या गढीजवळून सरखेल आंग्रे कैदी म्हणून गेले असतील.

किल्ल्यावरून मुंबई आणि पुणे यांची पत्रापत्री आठ महिने चालली. इंग्रज म्हणत, घेरिया आमच्याकडे राहू द्या, आमच्या हातातलं बाणकोट घ्या. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ ला पुण्यात तह झाला. बाणकोट आणि त्याच्या जोडीला दहा गावं इंग्रजांना, विजयदुर्ग पेशव्यांना, आणि डचांना व्यापाराची बंदी. किल्ला परत मिळाला, खजिना नाही. जहाजं तर नव्हतीच. पेशव्यांनी तिथे नव्याने आरमार उभं केलं, पुढे आनंदराव धुळपांनी ते नावारूपाला आणलं, १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलंही. पण त्याला सत्तावीस वर्षं लागली.

पुण्यात तहावर शिक्के उमटले त्याच्या चारच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, मद्रासच्या बंदरातून वॉटसनचं आरमार क्लाइव्हची फौज घेऊन कलकत्त्याकडे निघालं. जहाजं बहुतेक तीच होती: ‘केंट’, ‘कम्बरलँड’, ‘टायगर’, ‘सॉल्सबरी’, ‘ब्रिजवॉटर’. पुढच्या मार्चमध्ये त्यांतल्या तिघांनी हुगळीत शिरून फ्रेंचांच्या चंद्रनगरच्या किल्ल्यासमोर नांगर टाकला, आणि जूनमध्ये क्लाइव्ह प्लासीला होता.